बठ्ठी लाईन

नशिराबाद
२ एप्रिल २०२४

रत्ना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो. फोन तू उचलत नाहीस. उचलू नकोस. फोनने आपल्या घराचं जेवढं वाटोळं केलं तेवढं पुष्कळ झालं. तू सातवीपर्यंत शिकलेली आहेस, माझं अक्षर तुला लागतं, म्हणून कागदावर लिहितो. फाडायचं असेल तर वाचून फाड.

उद्या झुलालला जाऊन तेवीस दिवस होतील. दहाव्याला मी आलो होतो. पुलाजवळ उभा राहून परत गेलो. पुढे यायची हिंमत झाली नाही, कारण सिव्हिलच्या आवारात तू सगळ्या गावासमोर म्हणालीस, "माले तुनं तोंड दखाडू नको." मी तुझा थोरला भाऊ. आई गेल्यावर तुझं लग्न मी लावून दिलं, झुलालसारखा सोन्यासारखा माणूस मी शोधला. आणि त्याच्या प्रेतासमोर हे ऐकून घेतलं.

पण माझी बाजू तू ऐकलीच नाहीस. मोहाडण्याचं सबस्टेशन गेल्या जूनमध्ये ठेकेदाराच्या ताब्यात दिलं, ते काय मला विचारून दिलं? सव्वीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला ऑपरेटर मी. मला उचलून इकडे जळगावकडे शंभर किलोमीटरवर टाकलं. माझ्या जागी ठेकेदाराने गोपाल नावाचा माणूस आणला, पार भंडाऱ्याकडचा, बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. त्याला शिकवा म्हणाले, मी शिकवलं. गावठाणची लाईन कोणती, शेतीची कोणती, नदीकाठच्या वीटभट्ट्यांची कोणती, हे त्याला पॅनेलसमोर उभं करून दाखवलं. त्यामुळे त्या दिवशी ठेकेदाराच्या साहेबाने सिव्हिलमध्ये विचारलं, "प्रशिक्षण पूर्ण झालं होतं ना?" तेव्हा मी "हो, पूर्ण" म्हणालो. तुला राग आला तो याचा. पण खरं होतं तेच मी बोललो.

झुलालने लाईन बंद करायला सांगितली, गोपालने बंद केली असं सांगितलं, झुलाल खांबावर चढला आणि लाईन चालू होती. याच्यात मी कुठे आहे, तूच सांग.

जेवत जा. सासूबाईंना, मंजुळाबाईंना सांभाळ. म्हाताऱ्या माणसाने तरुण मुलाचं मरण पाहायचं म्हणजे फार झालं. हेमांगीला म्हणावं मामाने विचारलं आहे.

सुकदेव


नशिराबाद
१९ एप्रिल २०२४

रत्ना,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी पोस्टमन दिसला की मी उठून उभा राहतो. इथले ऑपरेटर हसतात, म्हणतात, काका, प्रेमपत्र यायचंय का कोणाचं?

एक गोष्ट सांगायची आहे. ती कळल्यापासून माझं कशात लक्ष नाही. परवा गोपालचा फोन आला. त्याला ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. गावी निघालाय. म्हणाला, "काका, एकच विचारतो जी. त्यांनी मले भट्टी लाईन बंद कर म्हटलं. मी भट्टीचीच बंद केली. मग माझं चुकलं कुठं?"

मी म्हणालो, झुलाल नक्की काय बोलला ते जसंच्या तसं सांग. तो म्हणाला, सांगतो, रोज डोक्यात तेच वाजतं. आणि त्याने झुलालची नक्कल केल्यासारखं सांगितलं, "बठ्ठी लाईन बंद करी टाक भाऊ, खांबवर चढस."

रत्ना, बठ्ठी! शाळेजवळच्या त्या खांबावरून गावठाणची लाईनही जाते आणि शेतीचीही. झुलाल म्हणत होता, सगळी लाईन बंद कर. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्या भंडाऱ्याच्या माणसाला बठ्ठी शब्दच माहीत नाही. त्याने भट्टी ऐकलं. पॅनेलकडे वळला तर समोर पाटी, 'भट्टी'. पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलेली. त्याने तोच ब्रेकर पाडला आणि फोनवर सांगितलं, बंद केली. तिकडे नदीवर वीटभट्ट्यांच्या मोटारी थांबल्या, इकडे झुलाल चढला. ध चा मा झाल्याचं आपण ऐकत आलो. इथे ब चा भ झाला आणि माणूस गेला.

इथे ऑफिसात कुजबुज आहे की ठेकेदाराने वर कळवलंय, 'मयताने चुकीची लाईन बंद करण्यास सांगितले.' म्हणजे चूक झुलालची. तसं कागदावर पक्कं झालं तर हेमांगीला बापाच्या जागी अनुकंपाची नोकरी मिळणार नाही, आणि मेल्यानंतरही लोक म्हणतील, वायरमनच चुकला. बावीस वर्षं ज्याने एकदाही चूक केली नाही, त्याला मेल्यावर चुकीचं ठरवायचं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

तू कोणाला तरी सांग हे. सरपंचाला सांग. मी सांगितलं असतं, पण मी त्या दिवशी तिथे नव्हतो. माझ्या सांगण्याला काय अर्थ?

सुकदेव


नशिराबाद
९ मे २०२४

रत्ना,

तुमच्या शेजारच्या पुष्पाबाईच्या फोनवरून काल मंजुळाबाई बोलल्या. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मना पोऱ्या चुकना नही, सुकदेव. तू सांग त्यासले. तू नही सांगशी तर कोन सांगी?" आणि फोन पुष्पाबाईकडे दिला. त्यांना फोन बंद करता येत नाही. त्यांचं रडणं मला कितीतरी वेळ ऐकू येत होतं.

आता खरं लिहितो. मागची दोन पत्रं फाडली नसशील तर फाड. त्यात मी स्वतःला धुऊन घेतलंय.

गोपालला मी सात दिवस शिकवायचं होतं. मी शिकवलं दीड दिवस. बाकीचे साडेपाच दिवस मी सोनगीरला चहाच्या टपरीवर बसून सरकारला, ठेकेदाराला आणि माझ्या नशिबाला शिव्या दिल्या. सातव्या दिवशी साहेबाने कागद पुढे केला, 'प्रशिक्षण पूर्ण दिले', मी सही केली. वाचलीसुद्धा नाही. डोक्यात एकच होतं. सव्वीस वर्षं मी बीळ खणलं, आता या आयत्या नागोबाला मी वर दूध पाजू का? शिकेल पडत-झडत. पडेल तर बरंच होईल, ठेकेदाराची अब्रू जाईल. हे मी मनात म्हणालो होतो. मला काय माहीत, पडणारा कोण असेल.

अजून आहे. पहिल्याच दिवशी तो बिचारा वही घेऊन आला होता. म्हणाला, "काका, इकडची बोली मले समजत नाही. फोनवर लोक काय म्हणतात ते चार-दोन शब्द लिहून द्या न." मी हसलो. म्हणालो, ऐकशील तसा शिकशील. दोन मिनिटांचं काम होतं. शे म्हणजे आहे, आते म्हणजे आता, बठ्ठा म्हणजे सगळा. वहीचं पहिलं पान कोरंच राहिलं.

आणि ती पाटी. दप्तरात त्या लाईनचं नाव 'औद्योगिक एक' आहे. कोण म्हणतं औद्योगिक एक? म्हणून भट्टी हे नाव मी लिहिलं, माझ्या हाताने. रंगाचा डबा झुलालनेच धरला होता. गंमत करत होता, म्हणाला, पाव्हणं, अक्षर बरं काढा, नाहीतर लोक म्हणतील ऑपरेटरला लिहिता येत नाही.

तू विचारशील, चढण्याआधी त्याने तारेला करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची काठी का लावली नाही. ठेकेदाराचे लोकही तेच विचारतात. काठी तीन गावांत मिळून एक, ती त्या दिवशी दुसरीकडे होती, हे खरं. पण असती तरी त्याने लावली नसती, हेही खरं. कारण बावीस वर्षं मी फोनवर "चढा पाव्हणं" म्हणायचो आणि तो चढायचा. ती वाईट सवय त्याला माझ्या आवाजाने लावली. खुर्चीतला आवाज बदलला, सवय तीच राहिली.

पुढच्या महिन्यात धुळ्याला चौकशी आहे. मी स्वतः अर्ज दिलाय, मला साक्ष द्यायची आहे. सगळं सांगणार. माझं जे होईल ते होईल. दीड वर्ष नोकरी राहिलीय, घ्या म्हणावं.

सुकदेव


धुळे बसस्टँड
२५ जून २०२४

रत्ना,

बाकड्यावर बसून लिहितोय, अक्षर हलतंय.

साक्ष झाली. सगळं बोललो. दीड दिवस, खोटी सही, कोरी वही, पाटी, काही ठेवलं नाही. साहेब सज्जन वाटले, पुण्याकडचे असावेत. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे या शब्दाचा अर्थ सर्व असा आहे?" मी म्हणालो, होय साहेब, साऱ्या खानदेशात कोणालाही विचारा. झुलालने बरोबर सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला ते कळलं नाही, आणि कळावं असं ज्याने शिकवायचं होतं तो मी. त्यांनी मान डोलावली आणि मी काय बोललो ते टायपिस्टला सांगितलं. बाई खटाखटा टाइप करत होती. शेवटी कागद पुढे आला, वाचून सही करा म्हणाले. मला डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, रडू येत होतं. सही केली.

बाहेर आल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. दोन प्लेट भजी खाल्ली, लाज वाटली, तरी खाल्ली.

मंजुळाबाईंना सांग, सांगितलं म्हणावं त्यासले.

सुकदेव


नशिराबाद
३ सप्टेंबर २०२४

रत्ना,

चौकशीचा अहवाल तुमच्याकडेही आला असेल. मला माझ्या साक्षीची प्रत मिळाली. चष्मा लावून, खिडकीत बसून, तीन वेळा वाचली.

त्या बाईने सगळीकडे भट्टी लिहिलंय.

'मयत वायरमन यांनी भट्टी लाईन बंद करण्यास सांगितले, ही बाब साक्षीदारास मान्य आहे.' पुढे, 'भट्टी म्हणजे सर्व, असे साक्षीदाराचे म्हणणे. त्यास कोणताही लेखी आधार नाही. सदर फीडरवर भट्टी अशी पाटी साक्षीदाराने स्वतः लावल्याचे तो कबूल करतो.' खाली माझी सही. ठेकेदाराला दुसरा पुरावाच लागला नाही. अहवालात शेवटी माझ्याच नावाने लिहिलंय, या साक्षीवरून मयताची चूक सिद्ध होते. मला दोन पगारवाढी रोखून ताकीद दिलीय. नोकरी गेली असती तर निदान तुला तोंड दाखवायला जागा राहिली असती.

मी काल धुळ्याला गेलो होतो. म्हणालो, टायपिंगची चूक आहे, दुरुस्त करा. तिथला कारकून रुपचंद, आपल्या सोनगीरचाच निघाला. म्हणाला, सही केल्यावर साक्ष बदलता येत नाही, अपील करा, वरच्या ऑफिसला. मी भांडलो. टेबलावर हात आपटला. म्हणालो, अरे, तुझ्या घरात काय बोलतात, बठ्ठी की भट्टी? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माले समजस भाऊ. पन फाईलले समजत नही."

मला त्याचा राग आला नाही. मीही सव्वीस वर्षं फाईलच होतो.

अपील मी लिहिलंय, हेमांगीच्या नावाने. सोबत पाठवतोय. तिची सही हवी. तिने केली की मी स्वतः नेऊन देईन. पण पुष्पाबाई म्हणाली की ठेकेदाराचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला. हेमांगीने आयटीआय केलंय ना, मग तिला सबस्टेशनवर घेतो म्हणाला, गोपालच्या जागी, बारा तासांची पाळी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. त्याबदल्यात तिने लिहून द्यायचं, की वडिलांच्या अपघाताबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

करू देऊ नकोस तिला सही. हे वाक्य लिहून मी अर्धा तास बसलोय. घरात तीन बायका, त्यातली एक म्हातारी, पोरीचं लग्न व्हायचंय आणि सल्ला कोण देतोय? न वाचता दोनदा सही केलेला माणूस. तरीही सांगतो. अपिलाचा कागद तिला निदान दाखव.

सुकदेव


नशिराबाद
४ मार्च २०२५

रत्ना,

अपिलाचा कागद सहीविनाच परत आला, तेव्हाच समजलो होतो. हेमांगीला बोल लावत नाही. माझ्याजवळ तेवढी जीभ उरलेली नाही.

झुलालच्या वर्षश्राद्धाला मी आलो होतो, हे तुला कळलंय. पुष्पाबाईने मला मांडवात खुर्ची दिली, मी अगदी कडेला बसलो. तू दोनदा बाहेर आलीस. दुसऱ्या वेळी माझ्याकडे पाहिलंस असं वाटलं. कदाचित माझ्यामागे पाण्याचं टाकं होतं, त्याच्याकडे पाहिलं असशील. केस पांढरे झाले तुझे. वर्षात एवढे होतात हे माहीत नव्हतं.

गावही पाहिलं. झुलाल होता तेव्हा लाईट गेली की लोक त्याच्या दारात यायचे, तो जेवणावरून उठायचा, तू भांडायचीस. आता अकरा गावांना मिळून एक वायरमन, तोही ठेक्यावरचा, त्याचा नंबर कोणाकडे नाही. लोक मोफत नंबरावर फोन लावतात, तिकडून एक बाई विचारते, जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव खुर्द की बुद्रुक? सरपंच सांगत होता, दिवाळीत चार दिवस पाण्याची टाकी भरली नाही, मोटारीची लाईन कोणाच्या ताब्यात आहे तेच कळेना. चक्कीवाला प्रेमराज चक्की विकून सुरतला गेला. भांडायचं कोणाशी, हेच लोकांना समजत नाही. पूर्वी माझ्याशी भांडत, माझ्या आईबहिणीचा उद्धार करत, आणि दुपारी मलाच मुळा-मेथी आणून देत.

भजन सुरू होतं आणि पंखे थांबले. माईक गेला. सवयीने चार-सहा माणसं तुझ्या दाराकडे पाहायला लागली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ती खाली बघू लागली. मला ते बघवेना. मांडवामागे जाऊन मी सबस्टेशनला फोन लावला. सव्वीस वर्षं मी ज्या फोनला उत्तर दिलं, त्याच्यावर फोन करायची माझी पहिलीच वेळ.

"नमस्कार, मोहाडणे उपकेंद्र."

हेमांगी. मला वाटत होतं ती आत तुझ्याजवळ, स्वयंपाकात असेल. बापाच्या वर्षश्राद्धालाही सुटी नाही, खाडा केला तर तो कागद नवा होत नाही, हे मला नंतर सरपंचाने सांगितलं. माझ्या मांडीवर बसून ही पोरगी बोलायला शिकली. मी म्हणालो, "बेटा, बठ्ठा गावनी लाईट गयी."

ती म्हणाली, "मामा, बठ्ठा म्हणू नका."

मला वाटलं तिला बाप आठवला असेल. मी म्हणालो, चुकलो बेटा, आज नको होतं म्हणायला.

"तसं नाही मामा. इथलं बोलणं रेकॉर्ड होतं. बाबांच्या नंतर साहेबांनी पाटी लावलीय, बोलीभाषेतली सूचना घ्यायची नाही. घेतली तर पाळीचा पगार कापतात. संपूर्ण म्हणा."

"अगं, तू समजलीस ना?"

"मी समजले. पण तुम्ही म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

मांडवातले लोक लाईटची वाट बघत होते. मी माझ्या भाचीला म्हणालो, "संपूर्ण गावाची वीज गेली आहे."

"नोंद घेतली. धन्यवाद," ती म्हणाली, आणि फोन लगेच ठेवला नाही. थोडा वेळ तिचा श्वास ऐकू येत होता. मला जे बोलायचं होतं ते प्रमाण भाषेत येत नव्हतं.

पंधरा मिनिटांत लाईट आली. सगळे म्हणाले, पोरगी बापासारखीच कामाची निघाली. तू आतून विचारलंस म्हणे, फोन कोणी केला होता? कोणाला माहीत नव्हतं. मी तिथेच होतो, पण बोललो नाही. मीच केला होता, रत्ना.

सुकदेव